फरशीखालचे लाकूड

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी, तह आणि खलिते उभे राहतात. शनिवारवाड्यात जाणारा मनुष्य दिल्लीदरवाज्याचे अणकुचीदार खिळे पाहतो, बुरुजावर चढतो, कारंज्याच्या पाकळ्या मोजतो आणि मोकळ्या जोत्यांवरून हिंडून परत येतो. या जोत्यांवर एकेकाळी मजल्यांवर मजले उभे होते, त्या मजल्यांवर माणसे चालत होती, बसत होती, जेवत होती. मग त्यांच्या पायांखालच्या जमिनी गेल्या कुठे, असे विचारणारा एखादाच. उत्तर सोपे आहे. १७३० साली ज्या वाड्याचा पाया घातला गेला, तो १८२८ साली लागलेल्या आगीत जळून गेला. दगड दगडाच्या ठिकाणी राहिला आणि लाकूड राख होऊन उडून गेले. वरच्या मजल्यांच्या जमिनी लाकडाच्या होत्या, म्हणून आज त्या नाहीत.

घराच्या भिंतींविषयी पुष्कळ लिहिले जाते, छपरांविषयीही थोडेफार लिहिले जाते. जमिनीविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. वास्तविक घरातली सर्वात जास्त वापरली जाणारी वस्तू तीच, आणि त्यातही स्वयंपाकघराची जमीन ही तर घरातल्या बाईचे अर्धे आयुष्य. दिवाळीच्या आधीचे चार दिवस ज्या जमिनीवर घासण्यापुसण्यात जातात, तिचा इतिहास दिवाळीच्या अंकात सांगितला तर वाचक रागावणार नाहीत असे मला वाटते. त्यातूनही मला आज सांगायची आहे ती त्या इतिहासातली एकच घटना: आपल्याकडच्या लाकडी मजल्यांवरच्या स्वयंपाकघरांत फरशी कशी आली, का आली, आणि आल्यावर काय झाले.

प्रथम जुन्या वाड्याची रचना लक्षात घ्यावी. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या आणि कड्यांवर अंथरलेल्या फळ्या, म्हणजे पाट. कडी आणि पाट मिळून कडीपाट. खालच्या दिवाणखान्यात बसलेल्याला मान वर केली की हा कडीपाट दिसे. धनिकाच्या घरी त्यावर कोरीव तक्तपोशी असे. पण माडीवर बसलेल्याला मात्र फळ्या क्वचितच दिसत, कारण फळ्यांवर मातीचा थर घालून तो पाणी शिंपडून चोपण्याने चोपलेला असे आणि वरून सारवलेला असे. म्हणजे आपल्याकडची लाकडी जमीन ही उघडी लाकडी जमीन कधी नव्हतीच. लाकडाच्या पाठीवर मातीची जमीन असे तिचे स्वरूप होते. ही माती ऊन आणि आवाज अडवी, फळ्यांच्या फटी बुजवी आणि ठिणगी पडली तर तिला आपल्या पोटात घेई.

तरीसुद्धा स्वयंपाकघर माडीवर करण्याची पद्धत नव्हती. चूल ही धरणीवर. वाड्याचे पहिले चौक ओलांडून, माजघर मागे टाकून, परसातल्या विहिरीजवळ स्वयंपाकघर असे. त्यात सोवळ्याचा भाग होता, तसा साध्या व्यवहाराचाही होता. चुलीला अग्नी लागतो आणि स्वयंपाकाला पाणी लागते, आणि लाकडाचे वैरी हेच दोघे. मुंबईच्या कोटातली १८०३ सालची मोठी आग काय, किंवा पुण्यात १८७९ साली बुधवारवाडा नाहीसा करणारी आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग खाणारी आग काय, लाकडी घरांनी वसलेल्या शहराला अशा प्रसंगांचा धाक सतत असे. खालच्या मजल्यावर, भुईवर चूल मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्या धाकाला शास्त्राची जोड दिली, इतकेच.

ही व्यवस्था मोडली ती बिऱ्हाडांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशवाईतल्या घराण्यांचे वैभव ओसरले, वाटण्या झाल्या, आणि दुसरीकडे शाळा, कचेऱ्या, रेल्वे यांच्या पाठीमागे खेड्यापाड्यांतून माणसे शहरात येऊ लागली. एका कुटुंबाचा वाडा दहा-वीस बिऱ्हाडांचा झाला. मुंबईत तर गिरण्यांच्या आणि गोदीच्या आसऱ्याने चाळीच्या चाळी उठल्या. लाकडी जिना, लाकडी कठडा, लाकडी तुळयांचे तीन-चार मजले आणि ओळीने खोल्या. आता चूल भुईवर मांडावी म्हटले तरी भुई मिळणार कोणाला? तळमजला एकाचा, वरचे मजले अनेकांचे. जे स्वयंपाकघर शेकडो वर्षे मातीला धरून होते ते जिना चढून लाकडावर गेले. आपल्या गृहजीवनातली ही एक मोठी उलथापालथ आहे. पण ती कोण्या लढाईत झाली नाही, म्हणून तिची सनावळी कोणी पाठ करीत नाही.

माडीवर गेलेल्या गृहिणीने प्रथम काय केले असेल ते जुन्या घरांतून आजही वाचता येते. चूल किंवा शेगडी ठेवण्याच्या जागी तिने दगडाची एक फरशी टाकून घेतली. कोपऱ्यात मोरी आली, तिथे दुसरी टाकली. अग्नीखाली एक आणि पाण्याखाली एक, अशा या दोन दगडांनी लाकडी मजल्यावरच्या फरशीचा इतिहास सुरू होतो. बाकीची खोली सारवलेलीच राहिली.

सारवणे हा शब्द आज आपण हळव्या आठवणीत घालतो. शेणामातीचा तो ओला वास, त्यावर काढलेली रांगोळी, उन्हाळ्यातला गारवा हे सारे खरेच. परंतु ज्या बाईला ते करावे लागे तिच्या बाजूनेही थोडे पाहावे. पंगत उठली की उष्टी काढून शेणगोळा फिरवायचा. चुलीपुढचे पोतेरे रोजचे. सणावारी सगळे घर. ओणवे बसून हाताच्या पंजाने सारवलेली ती जमीन चार दिवसांत पुन्हा उकलायची. खेड्यात गोठा दाराशी असतो. चौथ्या मजल्यावर शेण आणायचे कोठून, पाणी चढवायचे किती, आणि सारवलेले वाळेपर्यंत दहा फुटांच्या खोलीत माणसांनी बसायचे कोठे? शहरातल्या माडीवर सारवण ही केवळ हौस उरली नव्हती, ती शिक्षा झाली होती. फरशी हवीशी वाटू लागली ती आधी बायकांना, असे माझे मत आहे.

सरकारला ती हवीशी वाटली प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोदीजवळची धान्याची वखारे, त्यांत उंदीर आणि वर माणसांची दाटी असा तो भाग. साथ पुण्यात आली तेव्हा घरे तपासली गेली, सामान रस्त्यावर आले, भिंतींना चुना फासला गेला, मातीच्या जमिनी उकरल्या गेल्या. त्या जुलमाचा शेवट १८९७ च्या जूनमध्ये रँडच्या वधात कसा झाला ते सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रकरणाच्या धुराळ्यात एक साधी गोष्ट मागे पडली. उंदराला बीळ करता येणार नाही, पाणी मुरणार नाही आणि धुऊन काढता येईल अशी जमीन घरात असावी, ही कल्पना याच साथीने शहरांच्या मनात रुजवली. मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो याच धसक्यातून. तेव्हापासून मोरी, न्हाणी, संडास यांच्या जमिनी पक्क्या असण्यावर भर आला. आपली न्हाणी तर इंग्रज इंजिनियरांच्या पुस्तकात जाऊन बसली. सांडपाण्याच्या नळाला बसवायच्या पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीच्या भांड्याला नळकाम करणारे आजही न्हाणी ट्रॅप म्हणतात.

मागणी झाली, आता माल हवा. तो आगगाडीने आणला. जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता सोलापूरवरून पुढे जात १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला भिडला. या रस्त्यावर गुलबर्गा सोडून वाडीकडे जाताना शहाबाद लागते. तिथला चुनखडीचा दगड नैसर्गिकच थराथरांचा. पोळीचे पापुद्रे सुटावेत तशा त्याच्या लाद्या सुटतात. निळसर राखी रंगाची, पायाला गार लागणारी, स्वस्त शहाबादी फरशी वाघिणींत भरून पुण्यामुंबईस येऊ लागली आणि मध्यमवर्गीयांच्या घरात तिने असे बस्तान बसवले की शहाबाद हे गावाचे नाव आहे याचाही लोकांना विसर पडला. मुंबईकर जिला लादी म्हणतो तिला पुणेकर फरशी म्हणतो. फरशी हा शब्द अरबी-फारसीतल्या फर्शाचा, अंथरण्याचा. इंग्रजांचा टाइल हा शब्द लॅटिनमधल्या झाकण्याच्या धातूपासून आला आहे. एकाने अंथरण्याकडे पाहिले, दुसऱ्याने झाकण्याकडे. या लेखाच्या शेवटास दुसरा अर्थच अधिक खरा ठरतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

श्रीमंतांसाठी विलायती माल होताच. इंग्लंडातल्या मिंटन कारखान्याच्या रंगीत फरश्या जहाजातून येत. १८७२ साली राणीच्या बागेत उघडलेल्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, त्या अजून पाहायला मिळतात. पुढे फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निघालेली एक युक्ती आपल्याकडे पोचली. भट्टीत न भाजता, रंगवलेले सिमेंट साच्यात ओतून, दाबयंत्राखाली दाबून आणि मग पाण्यात मुरवून नक्षीची फरशी तयार करायची ती युक्ती. त्यासाठी सिमेंट हवे. ते १९१४ पासून पोरबंदरच्या कारखान्यात होऊ लागले. १९२२ साली रुस्तम सिधवा आणि फिरोजशा सिधवा या काका-पुतण्यांनी, कराचीचे देशभक्त जमशेद मेहता यांच्या प्रेरणेने, उरणला भारत फ्लोअरिंगचा कारखाना काढला. विलायती फरशीला तोड देणारी देशी फरशी काढावी हा त्यामागचा हेतू. खादी अंगावर आली तशी स्वदेशी पायांखाली आली! कमळे, वेली, चौकटी आणि तारे असलेल्या या फरश्या गिरगाव-दादरच्या ज्या घरांतून शिल्लक आहेत, तिथे आजही पाहुणा आला की आधी खाली पाहतो.

आता प्रश्न येतो तो हा की, हा दगड किंवा हे सिमेंट लाकडावर बसवायचे कसे? लाकूड आणि फरशी यांचा स्वभाव सर्वस्वी वेगळा. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाय पडला की किंचित वाकते आणि पाय उचलला की सरळ होते. फरशीला वाकणे ठाऊक नाही. ती एकतर राहते, नाहीतर तडकते. जुन्या गवंड्यांनी या दोघांचा संसार लावण्यासाठी मध्ये कोबा घातला. फळ्यांवरची माती काढायची, सडक्या फळ्या बदलायच्या, फटींवर पट्ट्या मारायच्या, वर डांबरी कागद पसरायचा. मग विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर देऊन तो थाप्यांनी दिवसचे दिवस बडवायचा. बायका ओळीने बसत आणि तालावर थापी चाले. चुन्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर घालीत. कोब्याला मोरीकडे ढाळ द्यायचा. दोरी आणि गुण्या लावून, पाण्यात भिजवलेली फरशी चुन्यावर बसवायची, आणि भिंतीशी बोटभर जागा मोकळी सोडायची. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. ती जागा लाकडाच्या श्वासासाठी. घाईच्या कामात ती जागा पुढे बुजवली गेली आणि फरश्या मध्येच उचलून येऊ लागल्या.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावरचे स्वयंपाकघर उकलले जात असताना मी तिथे दिवसभर बसून होतो. पुराणवस्तूंचे उत्खनन पाहण्यात जो आनंद असतो तो मला त्या दिवशी मिळाला. सर्वात वर मोझाइकच्या फरश्या, त्यांखाली सिमेंटचा थर. त्याखाली शहाबादी फरशी जशीच्या तशी, शेगडीच्या जागी काळवंडलेली. तिच्याखाली चुन्याचा कोबा, त्याखाली बोट-दोन बोटे जुनी माती, त्यात सारवणाचे पापुद्रे वेगळे मोजता येतील असे. आणि सर्वात खाली सागाच्या फळ्या आणि कड्या. एका वीतभर जाडीत तीन पिढ्या! आजीचे सारवण, सुनेची शहाबादी आणि नातसुनेचे मोझाइक. प्रत्येकीने आधीच्या जमिनीवर आपली जमीन अंथरली. आधीची काढली मात्र कोणीच नाही.

कामावरचे मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी खोलीच्या मध्यावर पाण्याने भरलेली परात ठेवली आणि आपल्या पोराला भिंतीकडून भिंतीकडे चालायला सांगितले. परातीतले पाणी दर पावलाला हलत होते.

"पाहिलंत गुरुजी?" ते म्हणाले. "माणूस कोपऱ्यात चालतोय अन् पाणी इथं नाचतंय. तुळईत जीव नाही राहिला."

मोरीकडच्या भिंतीतून तुळईचे टोक मोकळे केले तेव्हा ते त्यांनी मुठीत धरून कुस्करले. भिजलेल्या भाकरीसारखा भुगा हातात आला. मी म्हणालो, "पण वरची फरशी तर अगदी कोरडी होती."

"फरशी कोरडीच दिसायची," मिस्त्री म्हणाले. "पाणी सांध्यातनं जातं. पूर्वी सारवलेली जमीन भिजली की कळायची, अन् वाऱ्यानं वाळायची पण. आता वरनं झाकलं, खालनं झाकलं. लाकडानं वाळायचं कुठनं?"

एखाद्या स्थापत्यविशारदानेही याहून नेमके सांगितले नसते. माती आणि चुना ओल घेतात आणि परतही देतात. घट्ट सिमेंट आणि वरची चकचकीत फरशी ओलीला परतीची वाट ठेवीत नाहीत. सांध्यातून झिरपलेले मोरीचे पाणी उताराने भिंतीकडे जाते, आणि भिंतीत असते तुळईचे टोक, जिथे साऱ्या मजल्याचा भार टेकलेला असतो. वाळवीही तिथेच लागते. वरच्या माणसाला काही दिसत नाही. खालच्या बिऱ्हाडाच्या कडीपाटावर एक डाग उमटतो आणि त्यावरून दोन घरांत वर्षानुवर्षे भांडण चालते.

ओलीइतकाच मोठा प्रश्न वजनाचा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड शहाबादी फरशी साधारण सहा किलो भरते. तिच्याखालचा इंचभर चुना पाच किलोच्या आसपास. तीन इंची कोबा धरला तर तो तेरा किलो. म्हणजे एका चौरस फुटाला चोवीस किलो. दहा फूट बाय दहा फूट खोलीत शंभर चौरस फूट. वजन झाले चोवीस क्विंटल. त्यावर मोझाइक आणि त्याचे सिमेंट चढवले की आणखी नऊ क्विंटल. घरातली पाच माणसे मिळून तीन क्विंटल भरत नाहीत, आणि त्यांच्या पायांखाली तेहतीस क्विंटल जमीन त्याच कड्यांवर बसलेली, ज्या कड्या वाड्याच्या मालकाने चार बोटे मातीसाठी घातल्या होत्या! त्यात भर म्हणून पुढे कडप्प्याचा ओटा आला. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमस स्टोव्हने चुलीला जमिनीपासून थोडे उचलले होते. १९५५ पासून मुंबईत घरगुती गॅस मिळू लागला आणि बसून स्वयंपाक करणारी बाई हळूहळू उभी राहिली. तिच्या पाठीला आणि गुडघ्यांना विसावा मिळाला, ही गोष्ट मी कमी लेखीत नाही. पण त्या ओट्याचे वजन कोणाच्या पाठीवर गेले तेही सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, मग लोकांनी आधी तुळया का बदलल्या नाहीत? याचे उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली आणि भाडी कडाडली. गरीब भाडेकरूचे रक्षण करावे म्हणून १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हेतू चांगला, आणि लाखो कुटुंबे त्यामुळे शहरात राहू शकली हेही खरे. पण भाडे थांबले, महागाई थांबली नाही. पाच-दहा रुपये भाड्यात सागाची तुळई बदलणे मालकाला परवडेना. आणि मालकीची नसलेली तुळई भाडेकरूने का बदलावी? भाडेकरूला आपल्या खोलीपुरते जे करता येई ते त्याने केले. त्याने फरशी घातली! तुळई सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही. फरशी मात्र आपली. मुलाचे लग्न ठरले, बोनस मिळाला, दिवाळी आली की स्वयंपाकघराला नवी फरशी. जुनी काढली तर धुरळा उडतो, खर्च वाढतो, खालचा शेजारी तक्रार करतो. म्हणून जुनीवरच नवी. त्या वीतभर जाडीच्या थरांचे रहस्य असे या कायद्याच्या कलमांत दडलेले आहे.

याची किंमत शहरांनी मोजली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे बसले. तो अस्मानी प्रसंग होता. मुंबईत मात्र दर पावसाळ्यात काही न होताच चाळी कोसळत. अखेर १९६९ साली मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्रचनेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा झाला, आणि दुरुस्तीचा कर देणाऱ्या सुमारे साडेएकोणीस हजार इमारतींची मोजदाद झाली. त्यांतल्या बहुसंख्य १९४० पूर्वीच्या, म्हणजे बहुधा लाकडी तुळयांच्या काळातल्या. मंडळाच्या कारागिरांनी लाकडी तुळयांखाली लोखंडी गर्डर सारून टेकू दिले. त्या घरांत वर पाहिले की अजूनही साग आणि लोखंड शेजारी शेजारी दिसतात.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की लाकडावर फरशी घालणे हेच चूक. अमेरिकेत आज असंख्य मराठी कुटुंबे लाकडी सांगाड्याच्या घरांतून राहतात आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत लाकडावरच फरशी असते. फरक इतकाच की तिथे आधी खालचे पाहतात. नियम असा की, दोन टेकूंमधले जे अंतर, त्याच्या तीनशेसाठाव्या भागाहून अधिक कडी वाकता कामा नये. बारा फुटांची कडी असेल तर जास्तीत जास्त चार दशांश इंच. फरशी नैसर्गिक दगडाची असेल तर याच्याही निम्मे. मग लाकडावर सिमेंटचे पातळ तक्ते स्क्रूने आवळतात आणि त्यांवर चिकट मसाल्याच्या पातळ थरात फरशी बसवतात. कोब्याची ओझी तिथे लागत नाहीत. परातीतले पाणी पाहणारे आमचे मिस्त्री आणि तीनशेसाठने भागणारा तो इंजिनियर, दोघेही एकच प्रश्न विचारीत असतात: खालचे लाकूड किती हलते?

पुण्याच्या त्या स्वयंपाकघराचे पुढे काय झाले ते सांगतो. घरातल्या आजी दारात खुर्ची टाकून सारे पाहत होत्या. शहाबादी फरशी त्यांनी सून म्हणून आल्यावर घालून घेतलेली. ती उचलली जाताना त्यांनी मिस्त्रींना विचारले, "अहो, हीच परत बसवता येईल का?" मिस्त्री म्हणाले, "येईल की आजी. दगड कुठं झिजलाय? पण एकच थर. वर दुसरं काही घालायचं नाही." तुळईचे सडके टोक कापून तिथे नवा साग जोडला, खाली लोखंडी टेकू दिला, मोरीची जागा बाहेरच्या भिंतीकडे नेली, कोबा पातळ केला आणि तीच फरशी उलटी करून, कोऱ्या बाजूने बसवली. नातसुनेला पांढरी चकचकीत टाइल हवी होती. ती तिने ओट्यामागच्या भिंतीला लावून घेतली. खोलीचे वजन पूर्वीच्या निम्म्यावर आले असेल.

बाजारात आता गुजरातेतल्या मोरबीच्या फरश्यांचे ढीग लागलेले असतात. आरशासारख्या, हव्या त्या रंगाच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्यादेखील. मोठी मौज अशी की, ज्या लाकडावर माती घालून आजीने ते झाकले आणि मातीवर दगड घालून सुनेने तिला झाकले, त्याच लाकडाचे चित्र छापलेली फरशी पणतसून हौसेने घेऊन येते. तिने ती जरूर घ्यावी. जमिनी बदलत राहणारच. ज्या घरात बाई आपल्या सोयीप्रमाणे जमीन बदलू शकते ते घर सुखी समजावे.

मात्र ज्यांचे बिऱ्हाड अजून जुन्या वाड्यात किंवा चाळीत असेल त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत दोन गोष्टी कराव्यात. फरशीवर चमच्याच्या दांड्याने ठोकून पाहावे; खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तिथे खाली पोकळी आहे. आणि फराळाचे ताट घेऊन खालच्या मजल्यावर जाल तेव्हा बोलता बोलता त्यांच्या आढ्याकडे एकदा नजर टाकावी. आपल्या स्वयंपाकघराची खरी जमीन तिथूनच दिसते. मोरीच्या खाली डाग दिसला तर भांडू नये. दोघांनी मिळून मिस्त्री बोलवावा आणि नवी फरशी त्यानंतर पाहावी.